रातकिडा नेमका कुठे आहे? उशिरावरून आवाजाचा माग

पावसाळ्यात एखाद्या रात्री स्वयंपाकघरात रातकिडा शिरतो. दिवा लावला की गप्प, मालवला की सुरू. आवाज ओट्याखालून येतोय म्हणून वाकून बघावं, तर तो फ्रिजच्या मागून यायला लागतो. फ्रिज सरकवावा, तर आता थेट माळ्यावरून. घरातली चार माणसं चार दिशांना बोट दाखवतात आणि प्रत्येकाला आपल्या कानांची खात्री असते. त्याच घरात कुणाच्या हातून वाटी पडली, तर पाठ करून उभा असलेला माणूसही न बघता सांगतो, "मांडणीजवळ पडली." कान तेच, घर तेच. मग वाटी सापडते आणि रातकिडा का सापडत नाही?

गेली काही वर्षं मी कारखान्यांमध्ये आवाजाच्या मोजणीचं काम करतो. डझनावारी माइक एका चौकटीवर लावून, आवाज नेमका कुठून निघतोय आणि किती निघतोय, हे शोधायचं. या कामातली जवळजवळ प्रत्येक अडचण त्या रातकिड्यात दडलेली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

साधारण २० अंश तापमानाला हवेतून आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. वाटी उजवीकडे पडली, तर आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डोक्याला वळसा घालून डाव्या कानाला जरा उशिरा. हा उशीर फार फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाचा दोन-तृतीयांश. तरीही मेंदू तो पकडतो. सरळ समोरून येणारा आवाज किंचित बाजूला सरकला, तर सेकंदाच्या लाखाव्या भागाइतका फरकही माणसाला जाणवू शकतो. मला आजही हे थक्क करणारं वाटतं. एवढ्या वेळात आवाज जेमतेम साडेतीन मिलिमीटर पुढे गेलेला असतो.

वाटीच्या आवाजाला ठळक सुरुवात असते. 'खण्ण' कधी सुरू झालं, हे दोन्ही कानांना स्वतंत्रपणे कळतं आणि मेंदू दोन वेळा ताडून बघतो. रातकिड्याचं तसं नाही. त्याचा सूर बऱ्याचदा ४५०० ते ५००० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे हवेत दर सात सेंटिमीटरला लाटेचा एक माथा. दोन कानांमधलं अंतर त्याच्या दुपटीहून जास्त. उजव्या कानावर आत्ता आदळलेला माथा आणि डाव्या कानावरचा माथा एकच की त्याच्या आधीचा की नंतरचा, हे ओळखायची सोय नाही, कारण सगळे माथे सारखेच. साधारण १५०० हर्ट्झच्या वर तर मेंदू लाटेगणिक ताळा करणं सोडूनच देतो. त्यात फरशा आणि भिंतींवरून परतणारा आवाज मिसळतो. आवाज स्पष्ट ऐकू येतो, पण त्याचा पत्ता हरवतो.

आता कानांच्या जागी दोन माइक घेऊ, एक मीटर अंतरावर. आवाज बरोबर मधल्या रेषेवरून आला, तर दोघांनाही एकाच वेळी पोचेल. दोन्ही माइक ज्या रेषेवर आहेत तिच्याच दिशेने आला, तर दुसऱ्याला सुमारे २.९ मिलिसेकंद उशीर होईल. मधल्या रेषेपासून ३० अंश बाजूने आला, तर जादा वाट अर्धा मीटर आणि उशीर साधारण दीड मिलिसेकंद. नेहमीच्या ध्वनिमुद्रणात सेकंदाला ४८,००० वेळा नोंद होते आणि दोन नोंदींमध्ये आवाज फक्त सात मिलिमीटर पुढे जातो. तेव्हा हा उशीर मोजणं आज अवघड नाही. उशीर कळला की दिशा कळली.

मात्र दोन माइकवरून ठिकाण कळत नाही. एकच ठराविक उशीर देणाऱ्या जागा अनेक असतात आणि जमिनीवर त्या जोडल्या तर वाकडी रेषा तयार होते. शाळेत शंकुछेद शिकताना पाहिलेला अपास्त तो हाच. आवाज या रेषेवर कुठेतरी आहे, एवढंच दोन माइक सांगतात. तिसरा माइक आला की दुसरी रेषा मिळते आणि दोन रेषा जिथे छेदतात तिथे आवाज.

पहिल्या महायुद्धात याच रेषांनी तोफा शोधल्या. त्यामागचा माणूस होता लॉरेन्स ब्रॅग. क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना उलगडल्याबद्दल १९१५ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला वडिलांबरोबर मिळालं, तेव्हा तो २५ वर्षांचा होता. ही बातमी त्याला बेल्जियममध्ये, आघाडीजवळ कळली. तिथे तो शत्रूच्या तोफांचा आवाजावरून माग काढायच्या खटपटीत होता. त्याच वर्षी त्याचा भाऊ तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत मारला गेला होता.

ब्रॅगची अडचण अशी की माइक सगळंच ऐकत होते: बंदुका, घोडे, गाड्या आणि सर्वांवर कडी म्हणजे तोफगोळ्याचा कडाका. गोळा आवाजापेक्षा वेगाने जातो, म्हणून त्याचा कडाका आधी कानठळ्या बसवतो. तोफेच्या तोंडातून निघालेला खरा दणका मागाहून येतो, आणि तो इतका खर्जातला असतो की कानाला धड ऐकूही येत नाही. हवेचा नुसता धक्का. ब्रॅगला तो धक्का कळला शौचकूपात बसलेला असताना. जवळची ब्रिटिश तोफ उडाली की खालच्या नळातून आलेल्या हवेच्या दाबाने आपण किंचित उचलले जातो, हे त्याच्या लक्षात आलं. पुढे विल्यम टकर नावाचा पदार्थविज्ञान शिकलेला सैनिक त्याच्या तुकडीत आला. तो झोपायचा त्या खोपटाच्या भिंतीला भोकं होती आणि तोफ धडधडली की त्यातून थंड हवेची झुळूक त्याच्या तोंडावर यायची. टकरने प्लॅटिनमची बारीक तार तापवून पेटीच्या भोकावर ताणली. धक्क्याबरोबर हवा आत-बाहेर झाली की तार गार होणार, तिचा विद्युतरोध घटणार आणि नोंद उमटणार. गोळ्याच्या तीक्ष्ण कडाक्याला ही तार जवळजवळ दाद देत नव्हती. १९१६ मध्ये हा माइक आल्यावर काम खऱ्या अर्थाने सुरू झालं.

आघाडीच्या मागे काही किलोमीटर लांबीत सहा माइक, सगळ्यांच्या तारा एका खोलीत, तिथे सरकत्या फिल्मवर सहा रेघा. प्रत्येक रेघेतला हिसका कधी आला हे मोजायचं आणि नकाशावर रेषा ओढायच्या. हवा अनुकूल असेल तर पन्नासेक मीटरच्या आत तोफेची जागा सापडे. नोव्हेंबर १९१७ च्या, फ्रान्समधल्या कांब्रेच्या लढाईत आधी नेम तपासायचे गोळे न टाकता ब्रिटिश तोफखान्याने एकदम मारा सुरू केला. तो शक्य झाला त्यात या पद्धतीचा मोठा वाटा होता. वारा आणि तापमान मात्र सतत नडत. म्हणून माहीत असलेल्या जागी मुद्दाम स्फोट करून आज आवाज कसा प्रवास करतोय हे ते आधी तपासून घेत. ही दक्षता आम्हालाही घ्यावी लागते. विदर्भात मे महिन्यात ४५ अंशांना आवाज सेकंदाला सुमारे ३५८ मीटर जातो. उपकरणात ३४३ तसंच ठेवलं, तर सगळी मोजमापं चारेक टक्क्यांनी घसरतात.

तोफेचा दणका एकटा आणि ठळक असतो, वाटीसारखाच. पण कारखान्यात पंखा, मोटर, गिअरबॉक्स आणि हवेची गळती एकाच वेळी, अखंड चालू असतात. कुठल्या हिसक्याची वेळ मोजणार? इथे प्रश्न उलटा करावा लागतो. 'आवाज कुठून आला' असं न विचारता, 'या अमुक ठिकाणाहून येत असेल तर?' असं विचारायचं.

समजा ६४ माइकची चौकट आहे आणि समोर तीन मीटरवर यंत्र. यंत्रावरचा एक बिंदू मनात धरायचा. तिथून निघालेला आवाज कुठल्या माइकला किती उशिरा पोचेल हे अंतरावरून आधीच ठाऊक असतं. मग ट्रेकला वेगवेगळ्या वाटांनी आलेली मंडळी गडाखाली जसं करतात तसं करायचं: आधी पोचलेल्याने थांबायचं, शेवटचा आला की सगळ्यांनी मिळून निघायचं. ज्या माइकने आधी ऐकलं त्याची नोंद तेवढी रोखून धरायची आणि सगळ्या नोंदी एकत्र मिळवायच्या. आवाज खरंच त्या बिंदूतून येत असेल, तर माथ्यावर माथा बसतो आणि बेरीज चौसष्टपट होते. येत नसेल, तर कुणाचा माथा कुणाच्या खळग्यावर पडतो आणि बेरीज विरून जाते. असंबद्ध गोंगाट चौसष्टचं वर्गमूळ, म्हणजे फक्त आठपट वाढतो. हव्या त्या आवाजाला नको त्या गोंगाटावर आठपट आघाडी मिळते, डेसिबलमध्ये १८. हेच दुसऱ्या बिंदूसाठी, तिसऱ्या, हजाराव्या बिंदूसाठी करायचं. प्रत्येक बेरजेला रंग द्यायचा आणि तो रंग कॅमेऱ्याच्या चित्रावर पसरायचा. यंत्राच्या फोटोवर लाल ठिपका उमटतो. या तंत्राला बीमफॉर्मिंग म्हणतात आणि उपकरणाला अकूस्टिक कॅमेरा. १९७६ मध्ये जॉन बिलिंग्सली आणि किन्स यांनी जेट इंजिनांसाठी अशी आवाजाची दुर्बीण मांडली होती. आज हवेची गळती शोधायला हातात धरायचे कॅमेरे मिळतात.

गळती शोधताना ही जादू सगळ्यात लवकर पटते. कारखान्याच्या शॉपमध्ये प्रेस धडधडताहेत, आणि छताजवळच्या एअर लाइनच्या, म्हणजे दाबाखालची हवा नेणाऱ्या पाइपच्या, एखाद्या फिटिंगमधून हवा फुसफुसतेय. एरवी शिडी लावून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडायचं आणि फेस कुठे येतो ते बघायचं. फुसफुसण्यात २० हजार हर्ट्झच्या वरचा, कानाला न ऐकू येणारा भाग भरपूर असतो. यंत्रांची धडधड मुख्यतः खालच्या पट्टीतली. कॅमेऱ्याला फक्त वरची पट्टी ऐकायला सांगितली की धडधड नाहीशी होते आणि हवेचा प्लॅस्टिकचा पाइप जिथे फिटिंगमध्ये शिरतो तिथे ठिपका उभा राहतो. खाली उभं राहून, शिडीशिवाय.

खालच्या पट्टीत मात्र हीच चौकट हतबल होते. ठिपक्याचा आकार ढोबळमानाने असा निघतो: लाटेची लांबी गुणिले यंत्रापर्यंतचं अंतर, भागिले चौकटीची रुंदी. एक मीटर रुंद चौकट, तीन मीटरवर यंत्र. १०,००० हर्ट्झला लाट साडेतीन सेंटिमीटरची, ठिपका दहा सेंटिमीटरचा. १००० हर्ट्झला ठिपका मीटरभर. आणि आपल्याकडच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण, जी ५० हर्ट्झच्या विजेमुळे १०० हर्ट्झवर सुरू होते, तिथे ठिपका दहा मीटरचा. सगळं चित्रच लाल. ट्रान्सफॉर्मरमधला आवाज टाकीतून येतोय की पंख्याच्या बाजूने, हे शंभर हर्ट्झला मीटरभर चौकटीला दुरून विचारणंच चुकीचं आहे. त्यासाठी चौकट प्रचंड हवी, नाहीतर माइक अगदी पृष्ठभागाजवळ नेऊन वेगळ्या पद्धतीने मोजायला हवं.

दुसऱ्या टोकाला पुन्हा रातकिडा भेटतो. मीटरभर चौकटीत आठ आडव्या ओळी, आठ उभ्या असे ६४ माइक लावले, तर शेजारच्या दोघांत १४ सेंटिमीटर अंतर पडतं. शेजारचे माइक अर्ध्या लाटेपेक्षा लांब गेले की कुठला माथा कुठला हा जुना गोंधळ सुरू होतो. इथे तो १२०० हर्ट्झलाच सुरू होईल. चित्रात खऱ्या ठिपक्याबरोबर तितकेच तेजस्वी खोटे ठिपके उमटतात. आपल्या कानांची फसगत होते तशीच, फक्त रंगीत. रातकिड्याच्या सुरापर्यंत नियम पाळायचा, तर त्याच चौकटीत नऊशेच्या आसपास माइक लागतील. एवढे कोण लावणार? यावर काढलेली तोड मला या सगळ्या शास्त्रात सर्वांत सुंदर वाटते: माइक ओळीत लावायचेच नाहीत. सूर्यफुलाच्या बियांसारखे किंवा सर्पिल रेषांवर लावायचे, म्हणजे कुठल्याही दोन माइकमधलं अंतर आणि दिशा शक्यतो पुन्हा येत नाही. खोटे ठिपके जमायला अंतरांची पुनरावृत्ती लागते. ती मोडली की खोटेपणा एका जागी न साठता सगळीकडे फिकट पसरतो. अकूस्टिक कॅमेऱ्यांच्या माइकची मांडणी फुलासारखी दिसते ती यासाठी.

आता मोजणीकडे. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. रंगांची पट्टी बहुतेक वेळा त्या चित्रातल्या सर्वोच्च पातळीपासून खाली मोजलेली असते. त्यामुळे शांत खोलीकडे कॅमेरा रोखला तरी एक लाल ठिपका दिसणारच. पट्टी ३ डेसिबलची ठेवली, तर एकच ठिपका दिसतो आणि दुय्यम आवाज गायब होतात. २० ची ठेवली, तर फिकट खोटे ठिपकेही खरे वाटू लागतात. चित्र बघण्याआधी पट्टी बघावी, हे मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतो. तसंच, ठिपक्याच्या मध्यावरचा आकडा म्हणजे यंत्राचा एकूण आवाज नव्हे. आवाज लांबट पाइपभर पसरलेला असेल, तर शिखराचा आकडा कमी आणि एकूण आवाज जास्त असू शकतो. ती बेरीज करताना चौकटीने ठिपका किती फुगवलाय हे वजा करावं लागतं. आणि मुळात माइक खरं बोलतात का ते पाहायला कॅलिब्रेटर लागतो. माइकवर बसणारा छोटा नळकांडा, जो १००० हर्ट्झला ९४ डेसिबल, म्हणजे जवळजवळ एक पास्कल दाब देतो.

एवढा खटाटोप कशासाठी, ते तीन आकड्यांत दाखवतो. एका जागी तीन उगमांचे आवाज ९०, ८४ आणि ८० डेसिबल पोचतात. एकत्र होतात ९१.३, कारण डेसिबल साध्या आकड्यांसारखे मिळवत नाहीत. मेहनत करून ८४ आणि ८० वाले दोन्ही पूर्ण बंद केले, तर उरतात ९०. जेमतेम १.३ डेसिबल, कानाला फरक फारसा कळणार नाही. त्याऐवजी एकट्या ९० वाल्याला गप्प केलं, तर उरतात ८५.५. कुणाला धरायचं हे आधी कळलं नाही, तर पैसे आणि आवाज अडवायची पॅनेल दोन्ही वाया जातात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

फुगलेला ठिपका आवळायची युक्ती आकाशातून आली. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी दुर्बीण आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्या, इंग्रजी वाय आकारात सुमारे २५ किलोमीटरभर पसरलेल्या. ताटल्या म्हणजे माइकच समजा. ऐकायचं ते रेडिओ लहरी, पण गणित हेच: कुठल्या ताटलीला किती उशीर. तिथेही ताटल्या मोजक्या आणि विखुरलेल्या असल्याने खऱ्या ताऱ्याभोवती खोट्या छटा पडतात. १९७४ मध्ये यान हॉगबोम यांनी त्यावर 'क्लीन' नावाची पद्धत दिली. चित्रातला सर्वांत तेजस्वी बिंदू धरा, एकटा बिंदू या मांडणीला कसा दिसला असता तो डाग काढून त्याचा थोडा भाग वजा करा, उरलेल्यात पुन्हा सर्वांत तेजस्वी बिंदू शोधा. असं करत गेलं की डाग जातात आणि बिंदू उरतात. आवाजाच्या लोकांनी ही पद्धत उचलली. नासाच्या लँग्ली केंद्रात ब्रूक्स आणि हम्फ्रीज यांनी २००४ मध्ये 'डॅमस' ही आणखी नेमकी रीत मांडली. विमानाच्या पंखाची झडप आणि चाकांचा सांगाडा यांतून निघणारा आवाज वेगवेगळा मोजता येऊ लागला, त्यात अशा पद्धतींचा मोठा हात आहे.

भिंतींवर मात्र अजून पुरता इलाज नाही. एका कारखान्यात आम्हाला ठिपका मिळाला तो कोऱ्या पत्र्याच्या भिंतीवर. मागे काही नाही, आत काही नाही. दोन तास पत्रा ठोकून पाहिला. शेवटी कॅमेऱ्याच्या बाजूला गोधडी धरली आणि ठिपका विझला. आवाज आमच्या पाठीमागच्या ब्लोअरचा होता, पत्रा नुसता आरसा. तेव्हापासून ठिपका दिसला की आधी चौकट दोन मीटर बाजूला सरकवतो. खरा उगम यंत्राला चिकटून राहतो, प्रतिबिंब भिंतीवर सरकतं.

ही गोष्ट शहरातल्या आवाजाबद्दल विचार करतानाही आठवते. २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. साधा मीटर सांगतो की मर्यादा ओलांडली. कुणी ओलांडली हे सांगत नाही, आणि तक्रार तिथेच अडते. पॅरिस परिसरात चार माइकचं 'मेद्यूज' नावाचं उपकरण आवाजाबरोबर दिशाही नोंदवतं. आपल्याकडेही हे व्हावं असं मला मनापासून वाटतं. अडचण खरी आहे: अरुंद पेठेत समोरासमोरच्या इमारती, म्हणजे पत्र्याच्या भिंतीचा खेळ रस्ताभर. तरी निदान गच्चीवरचा जनरेटर की खालचा स्पीकर, एवढा निवाडा झाला तरी रात्री झोपू न शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या तक्रारीला वजन येईल.

आणि रातकिडा. त्यासाठी माइक नकोत. दाराशी उभे राहा, डोळे मिटा, मान सावकाश फिरवा आणि दोन्ही कानांत आवाज सारखा लागेल तिथे थांबून नाकासमोरची रेषा लक्षात ठेवा. मग दोन पावलं नाही, चांगलं खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा आणि तसंच करा. घाई केली की तो गप्प होतो, म्हणून पुन्हा सुरू होईपर्यंत थांबा. दोन रेषा छेदतील तिथे टॉर्च मारा. आमच्याकडे गेल्या श्रावणात तो गॅसच्या सिलिंडरमागे, शेगडीच्या नळीला धरून बसला होता.